जमिनीची पाणसळ

पाणी उताराकडे धावते, हे शिकण्यासाठी शाळेत जावे लागत नाही. परंतु उतार नेमका कोणत्या दिशेस आहे आणि किती आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे चांगल्या जाणत्यालाही साधत नाही. खानदेशाचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे काळ्या जमिनीचे खोरे पसरलेले आहे. चाळीसगावाहून जळगावकडे जाणारा प्रवासी गाडीच्या खिडकीतून कपाशीची व केळीची शेते पाहत असतो, तेव्हा आपण एका सपाट मैदानातून चाललो आहोत असेच त्याला वाटते. मात्र दोन्ही स्थानकांवरील पिवळे फलक त्याने लक्षपूर्वक वाचले, तर त्याचा हा समज टिकणार नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणून जळगावच्या फलकावर लिहिलेला आकडा दोनशे मीटरांहून थोडा अधिक आहे, तर चाळीसगावचा साडेतीनशेच्या जवळ जातो. म्हणजे नव्वदाहून काहीशा अधिक किलोमीटरांच्या या प्रवासात गाडी सव्वाशे मीटरांहून अधिक खाली उतरते, आणि प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही.

डोळ्याला न दिसणारा हा उतार पाण्याला मात्र ताबडतोब उमगतो. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षांपासून चालत आलेली फडपद्धती याच जाणिवेवर उभी आहे. नदीत आडवा दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या एका बाजूने पाट काढावयाचा, पाटातून चाऱ्या फोडावयाच्या आणि चाऱ्यांचे पाणी फडांत खेळवावयाचे, अशी ही रचना आहे. सर्व जमिनीचे तीन किंवा चार फड पाडलेले असतात. एका फडात एकच पीक घेतले जाते, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन बहुधा सर्व फडांत असते. पाटाची व पाण्याच्या पाळीची व्यवस्था पाहण्यास हवालदार, पाटकरी, जागल्या, बारेकरी असे गावानेच नेमलेले लोक असत. या पाटांवर पंप नाही की कोणतेही यंत्र नाही. पाणी केवळ स्वतःच्या भाराने वाहत शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचते. ज्यांनी हे पाट आखले त्यांच्यापाशी दुर्बिणीचे यंत्र नव्हते. पाणी हेच त्यांचे यंत्र होते.

पाट नदीपेक्षा मंद उताराने न्यावा लागतो, ही त्यातील खरी खुबी आहे. नदी आपल्या पात्रातून झपाट्याने खाली उतरत जाते. पाट मात्र हळूहळू उतरतो, आणि म्हणून जसजसे पुढे जावे तसतसा तो नदीच्या पातळीहून अधिकाधिक उंच राहतो. त्या उंचीमुळेच पाट व नदी यांच्यामधील जमीन भिजू शकते. पाट जास्त उताराचा काढला, तर पाणी वेगाने वाहून काठ खचवते आणि उंचावरील शेते कोरडी राहतात. उतार फार कमी ठेवला, तर पाणी रेंगाळते, गाळ साचतो, गवत माजते आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला नुसती ओल येते. एखाद्या कालव्याला किलोमीटरमागे पंचवीस सेंटिमीटर उतार द्यावयाचा ठरले आहे, असे समजू. बारा किलोमीटरांत त्याला एकूण तीन मीटर उतरावयाचे आहे. अशा कालव्यात कोठेतरी दहा सेंटिमीटरांची चूक झाली, तर चारशे मीटर लांबीच्या उताराची सगळी पुंजी त्या एका जागी खर्च होते. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटांहून थोडे अधिक. तेवढ्यावर शेपटाकडच्या गावांचा गहू अवलंबून असतो.

जमिनीची मोजणी म्हटली की साखळी टाकून हद्दी व क्षेत्रफळ ठरविणारा भूकरमापक सर्वांच्या डोळ्यांपुढे येतो. त्याचे काम लांबीरुंदीचे आहे. सातबाराच्या उताऱ्यावर शेताचे क्षेत्र असते, उतार नसतो. जमिनीवरील दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक काढण्याची विद्या निराळी असून तिला समतलन असे म्हणतात.

या विद्येचे सर्वांत साधे साधन कोणत्याही गवंड्याजवळ पाहावयास मिळते. एक लांब पारदर्शक नळी घेऊन तीत पाणी भरावयाचे. मात्र मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यावयाचा नाही. नळीची दोन टोके सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्यांना उभी बांधावयाची. दोन्ही टोके उघडी असल्यामुळे, काठ्या कितीही दूर असल्या तरी नळीतील पाणी दोहोंकडे एकाच पातळीत राहते. आता एका काठीवर पाणी ९२ सेंटिमीटरच्या खुणेवर आणि दुसरीवर ११७ सेंटिमीटरच्या खुणेवर दिसले, तर दुसऱ्या काठीखालची जमीन पहिलीपेक्षा २५ सेंटिमीटर खाली आहे. काठीवरचा आकडा मोठा तर जमीन सखल, ही गोष्ट प्रथम थोडी उलटी वाटते. पण पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच आहे आणि आकडा जमिनीपासून वर मोजलेला आहे, हे ध्यानात घेतले की ती पटते. पुढे येणाऱ्या सर्व मोठ्या यंत्रांचे मर्म हेच आहे. पाण्याच्या या गुणावरूनच समपातळीला मराठीत पाणसळ हा सुरेख शब्द मिळाला.

नळीने वीस-तीस मीटरांचे काम भागते. कालव्याच्या आखणीसाठी मात्र दृष्टी लांब पोचावी लागते, आणि तेथे समतलमापक यंत्र लागते. व्यवहारात त्याला लेव्हल असेच म्हणतात. तिपाईवर एक दुर्बीण बसविलेली असते व तिच्यावर काचेच्या नळीत बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की दुर्बिणीतून दिसणारी रेषा तंतोतंत आडवी झाली, असे समजावयाचे. दुर्बिणीच्या आत बारीक आडवा तंतू असतो. मदतनीस समोर खुणांची उंच पट्टी उभी धरतो आणि तो तंतू पट्टीच्या ज्या आकड्यावर दिसेल तो आकडा निरीक्षक वहीत टिपतो.

एक हिशेब करून पाहू. पाटाच्या एका मोरीवर ज्याची उंची आधीच ठाऊक आहे असे चिन्ह आहे. त्याची उंची २५०.००० मीटर धरू. तेथे पट्टी उभी केली असता १.४२५ हा आकडा वाचला. म्हणजे दुर्बिणीची आडवी रेषा २५१.४२५ मीटर उंचीवर आहे. यंत्र न हलविता पट्टी पुढच्या खुंटीवर नेली, तेव्हा २.१८० वाचले. २५१.४२५ मधून २.१८० वजा केले की त्या खुंटीची उंची २४९.२४५ मीटर येते. आता पट्टी तेथेच ठेवून यंत्र पुढे न्यावयाचे. नव्या जागेवरून त्याच खुंटीवर ०.९६० आणि त्यापुढील दुसऱ्या खुंटीवर १.७३५ वाचले, तर दुसऱ्या खुंटीची उंची २४८.४७० मीटर ठरते. अशा रीतीने कधी यंत्र, कधी पट्टी पुढे सरकवीत कित्येक किलोमीटरांची वाट चालता येते. मागे पाहून घेतलेल्या वाचनांची बेरीज २.३८५ आणि पुढे पाहून घेतलेल्यांची ३.९१५; यांतील फरक १.५३०. दोन टोकांच्या उंचीतील फरकही १.५३० च येतो. हा ताळा जुळला म्हणजे वहीतील आकडेमोड चुकली नाही एवढे सिद्ध होते. मूळ वाचनच चुकले असेल, तर ते मात्र या ताळ्याने उघडकीस येत नाही.

वाचन चुकण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही तर खास खानदेशी म्हणावीत अशी आहेत. वैशाखात येथील माळावर दुपारच्या वेळी तापलेल्या जमिनीवरून हवा लाटांसारखी थरथरू लागते, आणि दुर्बिणीतून पाहिलेली पट्टी नाचू लागते. म्हणून जाणते लोक हे काम सकाळीच उरकून घेतात. काळी जमीन हे दुसरे कारण. पावसाळ्यात ही जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीत वरवर रोवलेला दगड एका ऋतूत वर आणि दुसऱ्या ऋतूत खाली असतो. त्याच्यावर विश्वास ठेवून काढलेली उंची कागदावर अचूक आणि शेतात खोटी ठरते. याकरिता उंचीची चिन्हे कातळावर, पुलाच्या पायथ्यावर किंवा जुन्या भक्कम इमारतीच्या जोत्यावर कोरतात. ओल्या जमिनीत तिपाईचे पाय हळूहळू रुतत जातात, तेही सांभाळावे लागते.

पट्टी धरणाऱ्या मदतनिसाकडे कोणाचे फारसे लक्ष नसते; वास्तविक अर्धी अचूकता त्याच्या हातात असते. पट्टी कलली की आकडा वाढतो. तीन मीटरांच्या उंचीवर ती पंधरा सेंटिमीटर बाजूला झुकली, तर वाचन सुमारे चार मिलिमीटरांनी जास्त येते. म्हणून काही वेळा मदतनिसास पट्टी हळूच पुढेमागे झुलवावयास सांगतात आणि दिसलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान तो खरा मानतात. पृथ्वीच्या गोलपणाचाही परिणाम होतो. दृष्टिरेषा सरळ जाते, पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र तिच्याखाली वाकत जातो. एका किलोमीटरवर हा फरक जवळजवळ आठ सेंटिमीटर होतो. शंभर मीटरांवर मात्र तो एक मिलिमीटरही भरत नाही. यावर युक्ती अगदी सोपी आहे. यंत्र मागच्या व पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर ठेवले, म्हणजे दोन्ही बाजूंची चूक सारखीच होते आणि वजाबाकीत नाहीशी होते.

एवढे करूनही काम पुरे होत नाही. निघालेल्या चिन्हापर्यंत पुन्हा मोजीत परत यावे लागते. परत येताना काढलेली उंची मूळ उंचीशी जुळत नसेल, तर जितकी तफावत तितकी वाटेत झालेली चूक. अचूक कामात या चुकीला मर्यादा घातलेली असते: मोजलेल्या वाटेचे जितके किलोमीटर, त्यांच्या वर्गमुळाच्या बारापट मिलिमीटर. चार किलोमीटरांच्या फेरीस २४ मिलिमीटर, नऊ किलोमीटरांच्या फेरीस ३६. तफावत याहून अधिक निघाली तर सर्व मोजणी पुन्हा करावयाची.

आता या सर्व उंची मोजावयाच्या कोठून? त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी हा आरंभ मानलेला आहे. भरती-ओहोटीमुळे समुद्र क्षणभरही एका पातळीवर राहत नाही. म्हणून बंदरांत वर्षानुवर्षे पाण्याची पातळी नोंदवून तिची सरासरी काढावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने १८५८ साली समतलनाच्या कामास प्रारंभ केला. १९०९ साली मुंबई, कारवार, मद्रास, कराची इत्यादी नऊ बंदरांवरील सरासरी समुद्रपातळी आधाराला धरून देशभरच्या उंचीचे जाळे निश्चित करण्यात आले. आज उपग्रहांच्या साहाय्याने कोणत्याही जागेची उंची क्षणात सांगणारी साधने मिळतात. परंतु ती उंची पृथ्वीच्या कल्पित गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रपातळीपासून नव्हे. भारतात या दोहोंतील फरक कित्येक ठिकाणी पन्नास मीटरांहून अधिक आहे. तो हिशेबात धरल्याशिवाय पाणी कोठे वाहील हे उपग्रहालाही सांगता येत नाही, आणि पाटाच्या सेंटिमीटरांसाठी पट्टी व दुर्बीण अजूनही बाहेर काढावी लागते.

पांझरेच्या काठीच या विद्येच्या जोरावर एका तरुण अभियंत्याने आपली पहिली कसोटी दिली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या आरंभीच त्यांच्याकडे खानदेशातील काम आले: पांझरेच्या पाण्याचा पाट ओढ्यापलीकडे नेण्यासाठी नळांची वक्रनलिका बांधणे. वाटेत खोलगट पात्र आडवे आले की पाटाचे पाणी नळातून खाली उतरवितात आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर आणतात. पाणी आपणहून वर चढते, हे पाहणाऱ्यास नवल वाटते. परंतु नळीच्या पाणसळीत जे घडते तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. फक्त पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा योग्य तेवढे खाली असले पाहिजे. ते वर राहिले तर पाणी नळातच थांबते. फार खाली गेले तर पुढच्या शेतांसाठी हवी ती उंची वाया जाते. या तोंडांच्या उंची पात्राच्या दोन्ही तीरांवर पट्टी उभी करूनच ठरवाव्या लागतात.

पाटाप्रमाणे पुराचाही हिशेब उंचीचाच असतो. १८७२ साली पांझरेला आलेल्या महापुराने धुळे शहरातील घरांचे व मालमत्तेचे फार मोठे नुकसान केले. आज नद्यांच्या काठी पूररेषा आखतात. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. या रेषा नदीपासूनच्या अंतरावरून काढता येत नाहीत. पात्रापासून लांब असलेले एखादे सखल आवार निळ्या रेषेच्या आत पडते, तर अगदी काठावरचा उंचवटा तिच्या बाहेर राहतो. नकाशावर ही रेषा ओढण्यापूर्वी कोणीतरी गल्लीगल्लीतून पट्टी घेऊन फिरलेले असते आणि घरांच्या जोत्यांच्या उंची वहीत उतरलेल्या असतात. पावसाळ्यात धरणाची पाणीपातळी मीटरांत सांगितली जाते, तेव्हा ते मीटर धरणाच्या तळापासूनचे नसून समुद्रपातळीपासूनचे असतात. आणि नदीकाठच्या घराच्या जोत्याची उंची त्याच मापाने ठाऊक असेल, तर पुराचे पाणी उंबऱ्यापासून किती खाली आहे हे वजाबाकी करून सांगता येते.