समुद्रावरील प्रथमोपचार : किनारा दूर असताना

शहरात एखाद्या व्यक्तीस अपघात झाला तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, रिक्षा मिळते, शेजारी धावून येतात आणि बहुधा तासाभराच्या आत ती व्यक्ती रुग्णालयाच्या दारात पोहोचते. परंतु आपल्याच राज्यातील हजारो कुटुंबांचे कर्ते पुरुष अशा ठिकाणी काम करतात, जेथे यांपैकी काहीही नसते. कोणी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात वेल्डर, फिटर, क्रेनचालक किंवा आचारी असतो. कोणी ससून डॉक, हर्णै वा रत्नागिरीहून निघालेल्या मासेमारी नौकेवर तांडेल किंवा खलाशी असतो. त्यांच्या आणि रुग्णालयाच्या मध्ये रस्ता नाही, समुद्र आहे. अशा वेळी शेजारी उभा असलेला सहकारी हाच पहिला वैद्य ठरतो. या सहकाऱ्याने काय करावे व काय टाळावे, याची माहिती आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेच्या आधारे येथे संकलित केली आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे विषयाची मांडणी सर्वसामान्य वाचकाला समजेल अशीच ठेवली आहे.

अंतराचा हिशेब

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ पासून तेथे तेलाचे उत्पादन सुरू झाले. हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला आहे. हवामान स्वच्छ असेल तर जुहूहून हेलिकॉप्टरने तेथे जाण्यास सुमारे एक तास लागतो. बोटीने कित्येक तास लागतात. पावसाळ्यात मात्र हेलिकॉप्टरचे उड्डाण आपल्या हाती राहत नाही. आता दुसरी बाजू पाहावी. मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो. हृदयक्रिया बंद पडली आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर विद्युतधक्क्याला होणाऱ्या दर मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. एकीकडे तास, दुसरीकडे मिनिटे. ही तूट भरून काढण्याचे साधन एकच, ते म्हणजे जागच्या जागी होणारा प्रथमोपचार.

२००५ चा धडा

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर घडलेली दुर्घटना अनेकांना स्मरत असेल. तिची सुरुवात एका साध्या दुखापतीतून झाली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली होती. आदल्याच दिवशी मुंबईत प्रलयंकारी पाऊस झालेला होता आणि हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते. म्हणून जखमीला क्रेनच्या साहाय्याने प्लॅटफॉर्मवर हलवण्याचे ठरले. या कामासाठी जवळ आलेले जहाज खवळलेल्या समुद्रात वायुवाहिनीवर आदळले, वायू पेटला आणि सुमारे दोन तासांत संपूर्ण प्लॅटफॉर्म नष्ट झाला. तेथील ३८४ जणांपैकी ३६२ जणांना वाचवण्यात आले. २२ जण दगावले अथवा बेपत्ता झाले.

या घटनेची तांत्रिक कारणे अनेक होती आणि त्यांची चर्चा तज्ज्ञांनी केलेली आहे. प्रथमोपचाराच्या दृष्टीने तिच्यातून घ्यावयाचा बोध असा, की समुद्रावर रुग्णाला हलवणे हीच एक जोखमीची क्रिया असते. ‘ताबडतोब हलवा’ हा जमिनीवरचा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. रक्तस्राव थांबवून, रुग्णाला स्थिर करून, रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच हलवण्याचा निर्णय व्हावा. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. अशा रीतीने जपलेला भाग पुन्हा जोडण्यासाठी शल्यविशारदांना काही तासांचा अवधी मिळतो.

प्रथम स्वतःची सुरक्षितता

तेलक्षेत्रात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आढळू शकतो. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास येणे बंद होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे मानणारा माणूस येथेच फसतो. मासेमारी नौकेवर मासे साठवण्याच्या बंद खणातही मासळी कुजून हाच वायू साचू शकतो व तेथील प्राणवायू कमी होतो. आत उतरलेला सहकारी कोसळला, की दुसरा त्याला काढण्यासाठी धावतो आणि तोही कोसळतो. अशा अपघातांत वाचवणारेच बळी पडतात. म्हणून श्वसनयंत्राशिवाय आत उतरू नये. आधी इशारा द्यावा, खण उघडून हवा खेळू द्यावी व शक्य असल्यास बाहेरूनच दोराने ओढून काढावे.

पाण्यातून काढलेल्या माणसासाठी

बुडालेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती पूर्णपणे टाळावी. त्याने उलटी होऊन अन्नकण श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. बुडालेल्याला प्रथम प्राणवायूची गरज असते. तो प्रतिसाद देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर तोंडाने कृत्रिम श्वास देऊन सुरुवात करावी. त्यानंतर छातीच्या मध्यभागी तळहाताने ३० वेळा दाब व २ श्वास, असा क्रम चालू ठेवावा. दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर असावी. हे काम दमवणारे आहे. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या माणसाबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे आपल्या उबदार अरबी समुद्रातही रात्रभर तरंगणाऱ्याचे शरीर थंड पडते. शिवाय पाण्याचा दाब पायांतील रक्ताला वर रेटत असतो. त्याला उभ्या स्थितीत दोराने वर ओढल्यास हा आधार एकदम नाहीसा होतो, रक्तदाब कोसळतो आणि सुटका झालेला माणूस नौकेवर पाय ठेवताच दगावू शकतो. म्हणून शक्य तेथे त्याला आडव्या स्थितीतच वर घ्यावे, आडवेच ठेवावे, ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ ही तराफानौका बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. नौदल, तटरक्षक दल व इतर जहाजांनी १८६ जणांना वाचवले. ७० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. कित्येक तास लाटांत तरंगत राहिलेल्यांच्या जगण्यात जीवरक्षक जाकिटाचा वाटा मोठा होता. पाण्यात असताना अनावश्यक पोहू नये, गुडघे छातीशी घ्यावेत, एकमेकांना बिलगून राहावे आणि समुद्राचे पाणी पिऊ नये, हे शिक्षण प्रत्येकाला कामावर जाण्यापूर्वीच मिळाले पाहिजे.

इतर नेहमीचे प्रसंग

रक्तस्राव : जखमेवर स्वच्छ कापडाने थेट व सलग दाब द्यावा. हात वा पाय विंचमध्ये सापडून रक्त थांबतच नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधावा, बांधल्याची वेळ लिहावी व डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो सोडू नये.

भाजणे : भाजलेल्या भागावर वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

उष्माघात : अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल, तर ही आणीबाणी समजावी. सावलीत नेऊन, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा.

पाकट माशाचा काटा : जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्यास वेदना कमी होतात, तुटलेला काटा छातीत वा पोटात रुतला असेल तर तो उपटू नये.

मदतीची हाक : व्हीएचएफ वाहिनी १६ वरून नौकेचे नाव, स्थान, रुग्णाची अवस्था व केलेले उपचार स्पष्ट सांगावेत. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

कुटुंबीयांनी काय करावे

समुद्रावरील तेलक्षेत्रासाठी २००८ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र सुरक्षा नियम केले. मोठ्या प्लॅटफॉर्मवर आरोग्य कर्मचारी, औषधे व संपर्काची साधने असतात. कंत्राटी कामगार व मच्छीमार बांधव यांच्यापर्यंत मात्र हे ज्ञान सारख्या प्रमाणात पोहोचत नाही. येथे कुटुंबीयांचे साहाय्य मोलाचे ठरते. घरच्या माणसाचा रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी व घरचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड जलरोधक पाकिटात त्याच्याजवळ द्यावे. रक्तदाब वा मधुमेहाच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दुप्पट बांधून द्याव्यात, कारण हवामान बिघडले की परतीचा दिवस पुढे जातो. नोकरी जाईल या भीतीने आजार लपवण्याचा मोह होतो. परंतु भर समुद्रात छातीत कळ आली, तर लपवलेली माहितीच उपचाराच्या आड येते. त्याला धीर देऊन वैद्यकीय तपासणीत सर्व काही सांगण्यास प्रवृत्त करावे.

आमच्या विश्वस्त मंडळास व देणगीदारांस एवढीच विनंती, की प्रथमोपचाराचे शिक्षण हाही रुग्णसेवेचाच भाग मानावा. नव्या यंत्राइतके ते नजरेत भरत नाही आणि त्याचा लाभ ताळेबंदात दाखवता येत नाही. एक मनुष्याकृती पुतळा, काही पट्ट्या आणि शिकवणाऱ्याचा एक दिवस एवढ्यावर एका नौकेचे सगळे खलाशी तयार होऊ शकतात. आपल्या रुग्णालयाची सेवा दारात आलेल्या रुग्णापासून सुरू होते. परंतु समुद्रावरील रुग्ण त्या दारापर्यंत जिवंत पोहोचतो की नाही, हे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दोन हातांवर अवलंबून असते. ते हात शिकते करण्याच्या कार्यात आपल्या सर्वांचे सहकार्य लाभावे, ही नम्र प्रार्थना.