‘प्लीज हेल्प, अर्जंट’ लिहिण्याआधी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कोडमध्ये काही अडलं की प्रश्न पहिल्यांदा जातो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथे दोघं ‘सेम डाउट’ लिहितात, एक जण अंगठा दाखवतो आणि खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. मग एखादा सीनियर सांगतो, ‘अरे, ऑनलाइन विचार ना, प्रोग्रामर लोक असतात तिथे.’ पोरगं धीर करून विचारतं. अर्ध्या तासात प्रश्नाला उणे गुण पडतात आणि वर ‘बंद’चा शिक्का बसतो. त्यानंतर ते पोरगं तिकडे फक्त उत्तरं उचलायला जातं, तोंड म्हणून उघडत नाही.

या अबोल्यामागे बरेच गैरसमज आहेत. काहींना थोडाफार आधारही आहे, तोही मान्य करायला हवा.

गैरसमज : तिथली माणसं शिष्ट असतात, नवख्याला हाकलून देतात.

उद्धटपणा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्या तिखट जिभेचा प्रसाद अनेकांना मिळाला. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून सुट्टी घेतली. त्याच वर्षी प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोनेही आपल्याकडे नवख्यांचं नीट स्वागत होत नाही, हे जाहीरपणे कबूल केलं.

पण ‘बंद’चा शिक्का म्हणजे उद्धटपणा, हे मात्र खरं नाही. जोएल स्पॉल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनी २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं, ते गप्पांचा कट्टा म्हणून नाही. प्रश्नोत्तरांचं ग्रंथालय उभं करायचं, ही कल्पना होती. तुम्हाला मिळालेलं उत्तर खरं तर उद्या तोच शब्द शोधत येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं. ‘व्हिम’ नावाच्या एडिटरमध्ये शिरलेल्या नवशिक्याला बाहेर पडता येत नाही, ही जुनी गंमत आहे. ‘यातून बाहेर कसं पडायचं?’ असं २०१२मध्ये एकाने विचारलं. मे २०१७पर्यंत तो प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता.

हे ध्यानात घेतलं की तिथल्या विचित्र वाटणाऱ्या रीती उलगडतात. ‘डिअर सर’ आणि ‘थँक्स इन अ‍ॅडव्हान्स’ कुणीतरी येऊन खोडून टाकतं. ‘सर’ म्हटल्याशिवाय प्रश्न न विचारणाऱ्या आपल्या पोरांना ते थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. पण दहा लाखाव्या वाचकाला तुमचा नमस्कार वाचायचा नसतो. आभार मानायचे तर उत्तराला मत द्यावं, आणि ज्याने काम झालं त्यावर ‘स्वीकृत’ची खूण करावी. ‘हा प्रश्न आधी येऊन गेला आहे’ हा शिक्का तर फाट्यावरच्या पाटीसारखा असतो. गाव तिकडे आहे, एवढंच ती सांगते.

गैरसमज : इंग्रजी फर्डं नसेल तर गप्प बसावं.

स्टॅक ओव्हरफ्लोची पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी भावंडं आहेत, मराठी नाही. मुख्य साइटवर इंग्रजीच चालतं. पण किती इंग्रजी लागतं, ते एका उदाहरणात पाहू.

समजा, पायथॉनमध्ये मराठी शब्दांची लांबी मोजायची आहे. एक विद्यार्थी लिहितो : ‘सर, मराठी स्ट्रिंगचा प्रॉब्लेम आहे, कोड चालत नाही, अर्जंट.’ सोबत मोबाइलवर तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो. दुसरी लिहिते : ‘पायथॉन ३. ‘पुणे’ या शब्दावर लेन फंक्शन चालवलं. २ येईल असं वाटलं होतं, ४ आलं. का?’ आणि खाली कोडची एक ओळ, मजकूर म्हणून चिकटवलेली.

दुसरीला लगेच उत्तर मिळेल, कारण वाचणारा ती ओळ उचलून स्वतःच्या मशीनवर चालवू शकतो. फोटो चालवताही येत नाही आणि शोधयंत्रात नीट सापडतही नाही. उत्तर असं : पायथॉन डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे घटक मोजतो. प, उकार, ण आणि मात्रा असे चार. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथॉन सहा सांगतो : स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. दिसणारी अक्षरं मोजायची तर वेगळी लायब्ररी लागते. या प्रश्नाला इंग्रजीची पाच सोपी वाक्यं पुरतात. खरी मेहनत आहे ती काय केलं, काय अपेक्षित होतं आणि काय घडलं, हे वेगळं करून सांगण्यात. मराठीतून विचारलं तरी ती टळत नाही.

एक खास आपली चूक सांगतो. ‘आय हॅव अ डाउट’ लिहू नका. भारताबाहेरच्या वाचकाला त्यात प्रश्न दिसत नाही, अविश्वास दिसतो. सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा.

गैरसमज : या जागा तज्ज्ञांच्या, विद्यार्थ्यांच्या नाहीत.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या यूजनेट गटावर मजकूर टाकला. आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं, असं त्याने विचारलं होतं. वय २१, मातृभाषा स्वीडिश. वर ज्याच्या तिखट जिभेची गोष्ट आली, तोच हा लिनस.

गैरसमज : प्रश्न पाच ठिकाणी एकदम टाकला की पटकन उत्तर येतं.

पाच ठिकाणची माणसं एकाच कामात वेळ घालवतात आणि कळल्यावर वैतागतात. त्यापेक्षा जागा नीट निवडा. नेमका एरर असेल तर स्टॅक ओव्हरफ्लो. एखाद्या लायब्ररीतच दोष दिसत असेल तर गिटहबवर त्या प्रकल्पाचं ‘इश्यूज’ पान, पण तिथेही आधी जुने इश्यू चाळायचे. ‘सुरुवात कुठून करू?’ अशा मोकळ्या प्रश्नांसाठी रेडिटवर नवशिक्यांचे गट आहेत. डिस्कॉर्डवर गप्पा झटपट होतात, पण व्हॉट्सअ‍ॅपसारखंच तिथलं बोलणं गूगलला सापडत नाही. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तोच प्रश्न पुन्हा विचारणार. आणि समोरासमोर भेटायचं असेल तर २००९पासून भरणारी पायथॉनवाल्यांची परिषद, पायकॉन इंडिया, आहे. २०११ची पुण्यात झाली होती.

गैरसमज : सर्वाधिक मतांचं उत्तर बरोबरच असतं.

बाइट्सचा आकडा माणसाला वाचता येईल असा दाखवणारा जावाचा एक छोटा कोड २०१०मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर आला. पुढे एका अभ्यासात तो तिथून सर्वाधिक उचलला गेलेला जावा कोड ठरला. हजारो प्रकल्पांत तो जाऊन बसला. ज्याने लिहिला त्यानेच २०१९मध्ये सांगितलं की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट्स दिले की ‘१.० एमबी’ यायला हवं, हा ‘१०००.० केबी’ दाखवत होता. इतक्या मतांमध्ये कुणी तपासलंच नव्हतं! शिवाय तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. उचलला तर मूळ लेखकाचा उल्लेख बंधनकारक आहे. आपल्याकडे किती जण करतात, ते विचारू नका.

गैरसमज : कोडसोबत चुकून टाकलेला पासवर्ड खोडला की झालं.

नाही. बदलांचा इतिहास मागे राहतो आणि पासवर्ड आणि एपीआय चाव्या शोधणारे बॉट जागेच असतात. पासवर्ड किंवा चावी ताबडतोब रद्द करून नवी घ्या, खोडाखोड नंतर.

गैरसमज : एआय आलं, आता माणसांना कोण विचारतो?

यात तथ्य आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न झपाट्याने घटले. कंस कुठे विसरला, हे विचारायला आता कुणी माणसाची वाट पाहत नाही, पाहूही नये. पण चॅटजीपीटी आल्यावर आठवड्याच्या आत त्याच साइटने त्याची उत्तरं टाकायला बंदी केली. उत्तरं दिसायला सुबक होती आणि बरीचशी चुकीची होती. काल आलेल्या आवृत्तीत आज सकाळी जे मोडलं, ते आधी कुणीतरी माणसानेच अनुभवून लिहावं लागतं. यंत्र शिकतं तेही अशाच लिहिलेल्यातून.

म्हणून एक विनंती. शोधत शोधत आपण एका जुन्या पानावर पोहोचतो, हुबेहूब आपलाच प्रश्न असतो, आणि खाली विचारणाऱ्याची शेवटची ओळ असते : ‘सुटला, थँक्स.’ कसा सुटला, याचा पत्ता नाही. तुमचा प्रश्न सुटला की दोन ओळी जास्त लिहा आणि मग जा.