होडीत बसलेल्या चोवीसजणी

जून २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं एक संशोधन ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि ‘व्यायाम औषधापेक्षा सरस’ अशा थाटाचे मथळे झळकले. मथळा चटकदार खरा, पण त्यात मोठी गफलत आहे. ‘चॅलेंज’ नावाच्या या चाचणीतल्या ८८९ रुग्णांची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती आणि पाठोपाठ केमोही. व्यायाम सुरू झाला तो त्यानंतर. केमो नको म्हणून कुणी चालायला गेलं नव्हतं.

एवढं बजावून झालं, की मग आकड्यांकडे मोकळ्या मनाने बघता येतं. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के. एखाद्या नव्या गोळीने हे साधलं असतं, तर तिची किंमत काय ठेवली गेली असती याची कल्पनाच केलेली बरी!

या चाचणीतला खरा बारकावा मात्र मथळ्यांमध्ये कुठे आला नाही. व्यायाम आणि आहाराची माहितीपुस्तिका दोन्ही गटांना दिलेली होती. व्यायाम चांगला असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका गटाला त्याशिवाय तीन वर्षं पाठीशी राहणारा मार्गदर्शक मिळाला. सुरुवातीला तर दर पंधरवड्याला भेट. किती चाललात, कुठे दुखलं, पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं, हे विचारणारं माणूस. पुस्तिका हातात ठेवणं आणि व्यायाम करून घेणं यांतलं अंतर त्या आकड्यांत उतरलं आहे.

हे अंतर एका नर्सने फार आधी ओळखलं होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात १९८०च्या दशकात मेरिल विनिंगहॅम यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या बायकांना चक्क व्यायामाच्या सायकलवर बसवलं. केमो म्हणजे अंथरूण धरायचं, असा तो काळ. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ हळू, असा देखरेखीखालचा व्यायाम. या बायकांची शारीरिक क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. मॅकव्हिकर आणि निकेल या सहकाऱ्यांबरोबरचा तो निबंध १९८९ साली ‘नर्सिंग रिसर्च’मध्ये आला. नर्सिंगचं नियतकालिक किती कर्करोगतज्ज्ञ उघडून बघत असतील, हा प्रश्नच आहे. आज ‘व्यायाम आणि कर्करोग’ या विषयावर परिषदा भरतात. तिथे विनिंगहॅम यांचं नाव पहिल्या पानावर असायला हवं.

पायांनी सायकल मारणं एक वेळ ठीक; हाताचं काय? स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या, त्यावर रेडिएशन झालं, की काहीजणींचा त्या बाजूचा हात सुजतो. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही उसवून घ्यावी लागते. म्हणून पिढ्यान् पिढ्या सल्ला एकच: त्या हाताने जड उचलू नका, ताण देऊ नका, जपा. सल्ला सद्भावनेचाच होता; तो तपासून मात्र फारसा कुणी पाहिला नव्हता. ही सूज तुंबलेल्या लसिकेची, म्हणजे लिम्फची. रक्त फिरवायला हृदय आहे, लसिकेला तसा पंप नाही. तिच्या नळ्या स्वतःहून आकसतात, पण भोवतालच्या स्नायूंच्या हालचालीचाही जोर लागतो. काहीसं गावातल्या हापशासारखं हे. दांडा हलला तर पाणी. हात जपून मांडीवर ठेवला, तर दांडा हलवायचा कुणी?

कॅनडातल्या व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली ही शंका थेट पाण्यात उतरवली. त्यांनी निवडली ती ड्रॅगन बोट. लांबलचक चिनी होडी, दोन ओळींत वीसजण वल्ही मारणार, पुढे ढोल वाजवणारा, मागे सुकाणूवाला. हात, खांदे आणि छाती यांना पिळून काढणारी, पुन्हा पुन्हा तीच हालचाल. म्हणजे या रुग्णांना जे जे करू नका म्हणून सांगितलं जायचं, ते सगळं एका होडीत! स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ बायका तयार झाल्या. आधी व्यायामशाळेत हळूहळू ताकद वाढवली, मग पाण्यात सराव, मग शर्यत. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. १९९८ साली मॅकेन्झींनी कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात हा अनुभव लिहिला.

चोवीसजणी म्हणजे पुरावा नव्हे, आणि होडीत चढायला तयार होणाऱ्या बायका मुळातच खमक्या, हा आक्षेप रास्त होता. त्याचं उत्तर २००९ मध्ये मिळालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायका घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, घट्ट बाही घालून, वजनं उचलली; सुरुवातीचे १३ आठवडे प्रशिक्षकासमोर. वर्षाअखेर सूज बळावण्याचे प्रसंग वजनं उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. जपण्याच्या सल्ल्याचा पाया तिथेच ढासळला. तरी घरोघरी तो अजून दिला जातोच: ‘ताई, तू बस, बादली मी उचलते.’

आपल्याकडे पुनर्वसनाची याहून मोठी निकड तोंडाच्या कर्करोगात आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारीची ही देणगी. सुपारीने तोंडातलं अस्तर ताठर होण्याच्या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी दिलं. जगभर आज तेच चालतं. म्हणजे कित्येक रुग्णांचं तोंड उपचारांआधीच पुरतं उघडत नसतं. त्यात शस्त्रक्रिया, त्यात रेडिएशन. जबड्याचे स्नायू कडक होत जातात, आणि रेडिएशन संपल्यावरही ते काही महिने, कधी काही वर्षं चालूच राहतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावली, तर ठीक. पुढच्या दातांतलं अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं, की भाकरीचा घास, दात घासणं, सगळ्याचीच अडचण. त्यावरचा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, थोडा वेळ ताण सोसायचा, जमलं की मधोमध आणखी एक सरकवायची. दिवसातून अनेकदा. दुखतं, लाळ गळते, कंटाळा येतो. नेमकं इथेच ‘आज किती काड्या?’ असं विचारणारं माणूस लागतं.

मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावते, तेही असंच दुर्लक्षित. अमेरिकी सर्जन जॉर्ज क्राइल यांच्या १९०६च्या पद्धतीतून रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत ती नस सरळ कापलीच जायची. अर्जेंटिनाच्या ऑस्वाल्दो सुआरेझ यांनी ती वाचवणारी पद्धत १९६३ साली मांडली, पण स्पॅनिशमध्ये. इंग्रजी जगात नाव झालं ते इटलीच्या बोक्का यांचं. नस वाचली तरी ताणली जाते, सावरायला महिने लागतात, आणि तोवर खांदा उतरतो, केस विंचरणं अवघड होतं. कॅनडातल्या फिजिओथेरपिस्ट मार्गारेट मॅकनीली यांनी २००८ साली ५२ रुग्णांवर दाखवलं, की टप्प्याटप्प्याने वजन वाढवत केलेल्या व्यायामाने हे दुखणं आणि अडचण नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त कमी होते.

हे सारं मनाने करायचं नाही. आजार हाडांत पसरला असेल, प्लेटलेट्स फार उतरल्या असतील, ताप असेल, तर व्यायाम बदलावा लागतो, कधी थांबवावाही लागतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: फिजिओथेरपिस्टला आधी कधी भेटू, आणि नंतर कितव्या दिवसापासून? डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं लिहिलेली असतात. त्याखाली व्यायाम, तो किती वेळा करायचा आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं, तेही लिहून मागा.