पांढरी तार, हिरवी तार

आर्केड स्टिकची पेटी स्वतः बांधणाऱ्यांचा जीव गुंततो तो बटणांत आणि जॉयस्टिकमध्ये. खरं तर ते काम सोपं असतं. बटण हा साधा स्विच. दाबलं की पेटीतल्या कंट्रोलर बोर्डावरची एक पिन ग्राउंडला टेकते. सगळ्या बटणांची ग्राउंड एकाच तारेच्या माळेत ओवतात. एक बटण चाललं नाही तर त्याच्याच दोन तारा पाहायच्या, ओळीने चारपाच बटणं गेली तर माळ कुठे तुटली ते शोधायचं. अडचण येते ती पेटीच्या मागच्या बाजूला नवं यूएसबी सॉकेट बसवताना. मूळ केबल कापली, आतल्या चार तारा सॉकेटला सोल्डर केल्या, जोडून पाहिलं आणि संगणकाने पेटी ओळखलीच नाही, की चांगले अनुभवी हातही अंदाजाने तारा उपटू लागतात. हे टाळता येतं. यूएसबीत बिघाड कुठल्या तारेत आहे हे संगणकाच्या वागण्यावरून बरंचसं कळतं, आणि ते वागणं वाचायला शिकणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे.

चार तारांत लाल तार ५ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची. पांढरी ‘डी मायनस’ आणि हिरवी ‘डी प्लस’ या दोघी मिळून माहिती वाहून नेतात. समोरचा भाग एकेकीचा व्होल्टेज न मोजता दोघींमधला फरक मोजतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच येतो, म्हणून फरकात तो उरत नाही. त्यासाठी या दोन तारा एकमेकींना पीळ घालून शेजारी ठेवतात. काही जण पेटीला नेटवर्कचं आरजे-४५ सॉकेट लावून त्यातून यूएसबी नेतात. त्यांनी डी प्लस आणि डी मायनस एकाच पिळाच्या जोडीत घ्यावेत, म्हणजे नारिंगी आणि तिच्यासोबतची पांढरी-नारिंगी. जोडी फुटली की पिळाचा उपयोग संपतो.

आता संवाद कसा सुरू होतो ते पाहू. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ सालची. त्या कामात पुढे असलेले इंटेलचे अभियंता अजय भट्ट वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. उपकरण खोचलं की माणसाने काहीही न सांगता संगणकाला ते कळावं, हा त्यामागचा हेतू होता आणि तो एका रेझिस्टरने साधला. संगणक आपल्याकडच्या दोन्ही माहिती-तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने खाली, शून्याजवळ धरून ठेवतो. उपकरण त्यांपैकी एक तार दीड किलोओहमने ३.३ व्होल्टकडे ओढतं. डी प्लस ओढली तर उपकरण ‘फुल-स्पीड’, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. डी मायनस ओढली तर ‘लो-स्पीड’, दीड मेगाबिट. एवढ्या खुणेवर संगणक उपकरणाला रीसेट करतो, त्याची ओळख विचारतो आणि त्याला क्रमांक देतो.

बिघाडाचं निदान याच क्रमात दडलेलं आहे. रास्पबेरी पाय पिकोसारखा बोर्ड फुल-स्पीड असतो. त्याची हिरवी तार तुटली तर बोर्डाला वीज मिळेल, पण संगणक गप्प राहील, कारण कोणी आल्याची खूणच त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. हिरवी शाबूत आणि पांढरी तुटली तर खूण पोचते, संगणक विचारपूस करतो, उत्तर मात्र नीट येत नाही. मग विंडोज ‘उपकरण ओळखता आलं नाही’ अशी तक्रार करतं. दोन्हींची अदलाबदल झाली तरी तक्रार तीच दिसते, पण लिनक्सची नोंद पाहिली तर फुल-स्पीड बोर्डाला ती ‘लो-स्पीड’ म्हणत असते. ही नोंद दिसली की वेगळा पुरावा शोधायची गरज नाही, पांढरी-हिरवी उलटली आहे. मल्टिमीटरनेही खात्री होते. पेटी जोडलेली असताना संगणकाच्या बाजूच्या हिरव्या तारेवर सुमारे ३ व्होल्ट दिसायला हवेत. ते पांढरीवर दिसले तर तारा बदला. स्वस्त केबलमध्ये आतले रंग कसेही असतात, म्हणून रंगावर विसंबू नये, पिनेपासून पिनेपर्यंत बझर लावून पाहावं.

कधी पेटी छान ओळखली जाते, पण बटणांतले रंगीत एलईडी पांढरे झाले की संपर्क तुटतो. हा वायरच्या जाडीचा प्रश्न असतो. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटर केबलमध्ये वीज जाऊन-येऊन चार मीटर धावते, म्हणजे ०.८५ ओहम. एलईडींसकट पेटी अर्धा अँपिअर घेत असेल तर वाटेतच ०.४ व्होल्टहून जास्त गळतात. पोर्टवर ४.७५ व्होल्ट असले तर पेटीत ४.३ उरतात, आणि त्यात हाताने केलेल्या जोडांचा रोध मिळवायचा. लाल-काळ्या तारा २४ गेजच्या घ्या किंवा एलईडी मंद ठेवा.

टाइप-सी सॉकेट लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. या सॉकेटात सीसी नावाच्या दोन पिना असतात आणि प्रत्येकीपासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लागतो. तो नसेल तर जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर पेटी चालते, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर तिला वीजच मिळत नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्ही पिनांना एकच रेझिस्टर होता. त्यामुळे आत चिप असलेल्या काही केबलवर चार्जर त्याला ऑडिओचं उपकरण समजून वीज देत नसे. पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली. एवढ्या जाणत्या मंडळींकडून जे सुटलं, ते घरच्या टेबलावर सुटणं अगदी शक्य आहे.

माहितीच्या तारा चुकल्या तर नुकसान सहसा होत नाही, लाल-काळी उलटली तर बोर्ड जळू शकतो. म्हणून नवं सोल्डरिंग झालं की लाल आणि काळी एकमेकींना टेकत नाहीत ना, हे आधी बझरने तपासा. मग साध्या पॉवर बँकेवर बोर्डापाशी ५ व्होल्ट योग्य दिशेने येतात का ते मोजा. लॅपटॉपला पेटी त्यानंतरच जोडा.