आधी अंदाज, मग संगणक

सकाळी ९.४५

शाळा साडेदहाला भरते, पण संगणक खोलीचं कुलूप मी त्याआधीच काढते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत बारा संगणक आहेत, त्यांतले चालू नऊ. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघायचं, मग एकेक यंत्र सुरू करायचं. एखादं हटून बसलं तर डबा उघडून रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. हे मी मुद्दाम नववीच्या दोघातिघांसमोर करते. वहीत संगणकाच्या भागांची चित्रं रंगवण्यात अनेक शाळांची वर्षं जातात. त्यापेक्षा एकदा डबा उघडून आत बघितलेला बरा.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचं एक वाक्य आहे : ‘काय होईल ते आधी वहीत लिहा.’ प्रत्येक मुलाकडे अंदाजवही असते. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय घडलं ते. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. अंदाज न लिहिताच माउसला हात लावला, तर मात्र त्या फेरीची पाळी जाते. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही, कारण संगणकावर काहीही दाबलं तरी काही ना काही होतंच, आणि काहीतरी झालं की मुलाला वाटतं, आपल्याला आलं. आलं की नाही ते अंदाजावरून कळतं. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी प्रोग्रॅमिंग शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचीही पहिली पायरी अंदाजाचीच आहे. चालवून पाहणं, उलगडून बघणं, बदल करणं आणि स्वतःचं काही घडवणं हे सगळं त्यानंतर येतं.

१०.३०

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष झाले की मंगळवारची पाच मिनिटं माझी. पाचवीची पाच मुलं पुठ्ठ्याची कार्डं घेऊन ओळीत उभी राहतात. त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके. ज्याचा वाढदिवस असेल त्याची तारीख कार्डांनी दाखवायची. आज २२ तारीख. मैदानातून आरडाओरडा सुरू होतो, ‘सोळा दाखव! आठ लपव!’ शेवटी सोळा, चार आणि दोन उघडी राहतात. उघड्या कार्डाला एक आणि झाकलेल्याला शून्य म्हटलं की १०११०.

पाच कार्डांत ३१ पर्यंतच जाता येतं आणि महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त तेवढेच, म्हणून वाढदिवसाचा खेळ बरोबर बसतो. बत्तिसासाठी सहावं कार्ड लागेल का, आणि त्यावर किती ठिपके? एक मुलगी जागेवरूनच म्हणाली, ‘मॅडम, नवीन कार्डावर आधीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एकच जास्त असतो.’ तिनं द्विमान पद्धतीचं मर्म सांगितलं, तेही विजेशिवाय. टिम बेल, इयन विटेन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात ‘कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या नावानं असे खेळ रचले. त्यातलं बरंचसं पुठ्ठा, खडू आणि मैदान एवढ्यावर होतं. आपल्याकडे एसीएम इंडियाचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून याच वाटेनं चालला आहे. ज्या शाळेत एकही संगणक नाही, तिथल्या शिक्षकानं इथूनच सुरुवात करावी.

११.१५

आठवी. पट बेचाळीस, म्हणून अर्धा वर्ग खोलीत आणि अर्धा व्हरांड्यात. एका यंत्रावर दोघं किंवा तिघं. एक चालक, बाकीचे सांगणारे. चालकानं मनानं काही करायचं नाही, सांगणाऱ्यांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. सात मिनिटांनी मी टाळी वाजवते आणि जागा बदलतात. हे काटेकोर पाळलं नाही तर घरी संगणक असलेला मुलगा वर्षभर माउस सोडत नाही आणि मुली बाकाच्या कडेला बसून नुसत्या बघत राहतात.

आज पायथॉन भाषेतलं कासव, म्हणजे सांगू तसं पडद्यावर रेघ काढत चालणारी खूण. ‘शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे’, हे चार वेळा केलं की चौकोन. तो सगळ्यांना जमला. मग त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन साठाचा, हे भूमितीत झालेलं, त्यामुळे जवळपास सगळ्या वह्यांत ‘६० वळवलं की त्रिकोण होईल’. चालवलं तर त्रिकोणाची रेघ मिटेचना. अर्धा षटकोन काढून कासव थांबलं. खोलीत एकदम गलका झाला. ‘मॅडम, संगणक बिघडलाय.’

मी उत्तर सांगितलं नाही. एका मुलीला व्हरांड्यात नेलं, फरशीवर खडूनं मोठा त्रिकोण काढला आणि त्याच्या कडेवरून चालायला लावलं. पहिल्या टोकाशी आल्यावर विचारलं, ‘आता सरळच गेलीस तर कुठे जाशील? आणि तिथून किती वळावं लागेल?’ ती सरळ तोंड करून उभी राहिली, मग दुसऱ्या बाजूकडे वळली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा वळली. ‘हे साठापेक्षा बरंच जास्त आहे,’ ती म्हणाली. मग खाली बसून तिनं पहिली बाजू खडूनं पुढे वाढवली, आणि बाहेरचा कोन तिच्यासमोर आला. एकशे ऐंशीतून साठ गेले, राहिले एकशेवीस.

शरीरानं वळून भूमिती कळावी, हीच सीमोर पॅपर्ट यांची कल्पना. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली, आणि पुढे कासव आलं ते तिच्यातच. त्यांचा मुद्दा असा की, मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करू शकतं. आज व्हरांड्यात तेच घडलं.

तास संपायच्या आत एका तिघांच्या गटानं नियम काढला : कासव जिथून निघालं तिथंच परत येत असेल तर सगळ्या वळणांची बेरीज ३६०. मी विचारलं, ‘मग पाच टोकांची चांदणी?’ त्यांनी ७२ लिहिलं, चालवलं, पंचकोन आला. दुपटीनं, म्हणजे १४४ नं करून बघितलं आणि चांदणी उमटली. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०. कासव दोनदा गरगरलं तर. हे मी शिकवलेलं नाही.

१२.४५

सातवीचा तास धान्याच्या हिशोबाचा. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य धरतात. आजची हजेरी कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये भरायची, सूत्र लिहायचं, किलो काढायचे आणि चिठ्ठी स्वयंपाकघरात मावशींकडे द्यायची. अंदाजवही इथं फार उपयोगी पडते. १२० मुलांचं धान्य काढताना एकानं हजारानं भागायचं सोडलं आणि उत्तर आलं १८,००० किलो. डाव्या पानावर त्यानंच ‘वीसेक किलो’ लिहिलेलं होतं. त्यानं स्वतःच सूत्र शोधून दुरुस्त केलं.

गावातले पालक म्हणतात, ‘मॅडम, एक्सेल शिकवा, नोकरीला लागतं.’ बरोबर आहे त्यांचं, शिकवतेच. पण पडद्यावर आला म्हणून आकडा खरा मानायचा नाही, ही सवय त्याच तासात लागली पाहिजे.

२.३०

वीज गेली. नववीचा तास, आणि इन्व्हर्टरवर दोनच यंत्रं निघतात. अशा वेळेसाठी कपाटात पाकिटं तयार असतात. प्रोग्रॅमची एकेक ओळ कागदाच्या पट्टीवर छापलेली, पट्ट्या पिसलेल्या. गटानं त्या योग्य क्रमानं लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये ही युक्ती मांडली. टायपिंगच्या चुकांत अडकून पडणारी मुलं इथं मोकळी होतात, आणि लक्ष राहतं ते फक्त कुठली ओळ कुणाच्या आत हवी याच्यावर.

आजचं काम म्हणजे यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधणं. पायथॉनमध्ये चलांना देवनागरी नावं देता येतात, म्हणून पट्ट्यांवर ‘यादी’, ‘मोठी’, ‘संख्या’ असंच आहे. फॉर आणि इफ तेवढे इंग्रजीत. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांचा निम्मा ताण त्यानं उतरतो. पाकिटात एक जादा पट्टीही असते. सुरुवात ‘मोठी = ०’ नं करायची की यादीतल्या पहिल्या संख्येनं? सगळ्या गटांनी शून्य निवडला. मग मी फळ्यावर हिवाळ्यातल्या लेहसारखी तापमानं लिहिली : उणे ९, उणे १२, उणे ७. बोटानं एकेक पट्टी वाचत चला. मागच्या बाकावरचा मुलगा पुटपुटला, ‘शून्यच राहील की. पण शून्य तर यादीत नाहीच.’ पट्ट्या न सांगता बदलल्या गेल्या.

३.४५

सहावी, वीज परत आलेली. मराठी टायपिंगचा तास नुसता बोटांच्या सरावात घालवावा असं मला वाटत नाही. आज त्यांनी कॅल्कच्या चौकटीत ‘क्षमा’ लिहिलं आणि शेजारी अक्षरं मोजण्याचं सूत्र. अंदाज दोन. उत्तर पाच. बराच वेळ वाद झाला. शेवटी बॅकस्पेसनं एकेक करून पुसत गेल्यावर उलगडलं : क, पायमोड, ष, म आणि काना.

मग प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक. ‘क’ चा २३२५. ‘म’ चा किती असेल? कवर्गापासून पवर्गापर्यंत पंचवीस अक्षरं सहावीला तोंडपाठ, तेव्हा चोवीस पुढे गेलं की २३४९. पडद्यावर आलं २३५०. एकाचा फरक! घंटा झाली तरी तीन मुली जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सगळी अक्षरं खाली खाली लिहून शेजारी क्रमांक काढले. ‘न’ २३४४ वर आणि ‘प’ एकदम २३४६ वर. मधला २३४५ उलट्या सूत्रानं काढला तर खाली नुक्ता असलेला ‘ऩ’ निघाला. तमिळसारख्या दक्षिणी भाषांतला एक वेगळा न देवनागरीत लिहायचा तर त्यासाठी ही जागा ठेवलेली आहे, एवढं मी सांगितलं. त्यांच्या उजव्या पानावर आज पाऊण पान भरलं.

४.३०

खेळाचा तास. ज्यांना हवं ती मुलं बेब्रासचे प्रश्न सोडवायला थांबतात. ही स्पर्धा लिथुआनियात २००४ मध्ये व्हॅलेंटिना डागिएने यांनी सुरू केली. भारतात ती मराठीतूनही देता येते. तिला प्रोग्रॅमिंग लागत नाही, नीट वाचून विचार करावा लागतो. आज सातच जण आहेत, कारण बाहेर कबड्डी रंगली आहे. जाऊ दे, कबड्डीही हवीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. ते आणताना खेळाचा तास कुणी कापू नये.

५.१५

यंत्रं बंद, मेन स्विच बंद. जाताना ग्रंथालयात शिरले, कारण उद्या दहावीला तपासअंक शिकवायचा आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या तेरा अंकी आयएसबीएनमध्ये अंकांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज केली की तिला दहानं पूर्ण भाग जातो. एक अंक चुकला तर चूक सापडतेच. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर? वर्ग बहुधा ‘सापडेल’ लिहील, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर बेरीज नेमकी दहानं बदलते आणि चूक निसटते. शेजारीशेजारी २ आणि ७ असलेलं एक पुस्तक तिसऱ्या कपाटात सापडलं. नोंदवहीत सही करून ते पिशवीत टाकलं.