धसक्याचे दुखणे : जुनाट कंबरदुखीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते, आणि तिच्या नाना प्रकारांत कंबरदुखीइतका पसारा दुसऱ्या कशाचा नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला वर्षानुवर्षे अधू करून ठेवणाऱ्या कारणांमध्ये ती १९९०पासून पहिल्या क्रमांकावर आहे. याच काळात एमआरआयची सोय मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली, वेदनाशामक गोळ्या आणि शस्त्रक्रियांचे नवे प्रकार आले, तरीही या दुखण्याचा भार हलका झाला नाही. तेव्हा साधनांइतक्याच दुखण्याविषयीच्या समजुतीही तपासून पाहणे भाग आहे.

यांतील सर्वांत मुरलेली समजूत अशी, की दुखते आहे त्या अर्थी आत काहीतरी बिघडलेले आहे, आणि जेवढे दुखणे अधिक तेवढा बिघाडही मोठा. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय असलेल्या मुलाचे एक चित्र आहे, आणि त्यात पायापासून मेंदूपर्यंत एक सरळ तंतू ओढलेला आहे. इजेचा निरोप खालून निघतो आणि वर जसाच्या तसा पोहोचतो, असा त्याचा अर्थ. ही कल्पना आजही बहुतेकांच्या डोक्यात आहे, परंतु रणांगणावर ती टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ साली नोंदवले, की गंभीर जखमा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक औषध मागण्याइतकेही दुखत नव्हते. याच्या अगदी उलट प्रकार १९९५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापला. २९ वर्षांच्या एका बांधकाम मजुराने उंचावरून उडी मारली ती नेमकी पंधरा सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर, खिळा बुटाच्या तळव्यातून वर आला, आणि पाय किंचित हलला तरी त्याला एवढ्या असह्य कळा येत होत्या, की गुंगीचे आणि तीव्र वेदनाशामक औषध देऊन खिळा काढावा लागला. बूट उतरवल्यावर दिसले, की खिळा दोन बोटांच्या फटीतून गेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. हा मजूर सोंग करत नव्हता. बुटातून बाहेर आलेला खिळा मेंदूने पाहिला होता आणि त्या दृश्याला साजेशी वेदना निर्माण केली होती.

हीच गोष्ट प्रयोगशाळेतही पडताळली गेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या हाताच्या मागच्या बाजूला उणे वीस अंश तापमानाची धातूची कांडी अर्धा सेकंद टेकवली जाई आणि त्याच वेळी त्यांच्यासमोर लाल किंवा निळा दिवा लागे. कांडी तीच, थंडीही तीच, पण लाल दिव्याबरोबर झालेला स्पर्श लोकांना अधिक वेदनादायक वाटला, कारण लाल रंग उष्णतेची आणि धोक्याची सूचना देतो. शरीराकडून आलेल्या संदेशात मेंदू जुने अनुभव, समोरचे दृश्य आणि ऐकलेले शब्द मिसळून धोक्याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजानुसार वेदना कमी-अधिक होते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना ऊतींच्या प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित, किंवा तशा अनुभवासारखी भासणारी, असू शकते असे म्हटले आहे.

दुसरा गैरसमज एमआरआयच्या पाकिटातून घरात येतो. ‘मणक्यांत गॅप आला आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या दवाखान्यांत उच्चारले जाते, की त्याला निदानाचीच प्रतिष्ठा मिळाली आहे, आणि ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकमेकांपासून सुटत चाललेल्या मणक्यांचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात अशा अहवालात बहुधा याच्या उलट लिहिलेले असते: दोन मणक्यांमधील चकतीतला पाण्याचा अंश वयानुसार कमी होऊन ती थोडी चपटी झालेली असते, म्हणजे मधले अंतर घटलेले असते. ‘गादी सरकली’ या शब्दप्रयोगाचीही तीच गत आहे, कारण चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असल्याने साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचा काही भाग फुगतो किंवा बाहेर येतो, आणि बाहेर आलेला तो भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेते. अधिक महत्त्वाचे असे, की हे बदल न दुखणाऱ्या पाठीतही सर्रास आढळतात. कंबरदुखी अजिबात नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचे ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली काढलेल्या निष्कर्षानुसार चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली, तर चकतीचा फुगवटा याच वयोगटांत अनुक्रमे ३० आणि ८४ टक्के लोकांत होता. म्हणून ‘झीज’ हा शब्द अहवालात असणे आणि दुखण्याचे कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकतीमुळे नस दबून पायात कळ उतरते, बधिरपणा येतो, असेही रुग्ण असतातच; परंतु तिथे लक्षणे, अंगतपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

इथपर्यंत ऐकल्यावर अनेकांची उडी थेट दुसऱ्या टोकाला जाते: आत काही बिघाड नसेल, तर हे सारे मनाचे खेळ आहेत. हा गैरसमज पहिल्यापेक्षा निष्ठुर म्हणावा लागेल, कारण त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या दिलासादायक वाक्याचा अर्थ घरात ‘नाटक चालले आहे’ असा लावला जातो, आणि घरकामाचा सारा भार वाहणाऱ्या सुनेच्या वाट्याला तो अधिकच येतो. वस्तुस्थिती अशी, की संरक्षणासाठी अतितत्पर झालेली मज्जासंस्था ही शारीरिक घटना आहे. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशींची उत्तेजनक्षमताच वाढते आणि एरवी जे संदेश त्यांना जागे करू शकले नसते त्यांनाही त्या प्रतिसाद देऊ लागतात. या स्थितीला केंद्रीय संवेदनशीलता असे म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार, फरक एवढाच की इथे फुंकण्याचा निर्णय माणसाच्या हाती नसतो. साधे वाकणे, बसचा एखादा हादरा किंवा नुसता स्पर्शही अशा वेळी दुखू शकतो. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग हे संदेश दाबू शकतात तसे वाढवूही शकतात, आणि भीती, अपुरी झोप, खिन्नता व कामाची किंवा पैशांची विवंचना यांचा परिणाम या मार्गांवर होतो.

अपेक्षेलाही रासायनिक पाया असतो, याचा पुरावा १९७८ सालच्या एका अभ्यासात मिळाला. दाढ काढल्यानंतर निव्वळ सांत्वनापुरत्या दिलेल्या, औषधी गुण नसलेल्या इंजेक्शनाने ज्या रुग्णांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर दुखणे पुन्हा वाढले. म्हणजे ‘आता बरे वाटेल’ या विश्वासाने शरीराने स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडली होती. पुढे शिकागोतील वान्या अपकेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने कंबरदुखी सुरू झालेल्या रुग्णांच्या मेंदूची चित्रे वर्षभर घेतली, तेव्हा ज्यांचे दुखणे टिकून राहिले त्यांच्यात वेदनेशी संबंधित हालचाल हळूहळू भावनांशी निगडित भागांकडे सरकलेली आढळली. अशा वेदनेसाठी तज्ज्ञांनी २०१७ साली नोसिप्लास्टिक ही स्वतंत्र संज्ञा स्वीकारली, आणि २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जुनाट प्राथमिक वेदना हा आजार म्हणून नोंदला गेला.

चौथा गैरसमज सर्वांत सज्जन दिसतो, म्हणूनच त्याच्यावर अधिक थांबायला हवे. ‘वाकू नका, खाली बसू नका, वजन उचलू नका, पट्टा काढू नका’ ही पथ्ये तोंडपाठ असलेला रुग्ण मांडी घालून जेवायला बसणे सोडतो, पाण्याने भरलेल्या बादलीकडे संशयाने पाहतो, लग्नाच्या पंगतीत खुर्ची शोधतो आणि नातवाला उचलून घ्यायचे टाळतो. प्रत्येक टाळण्यानंतर दुखले नाही, की टाळल्यामुळेच वाचलो असा निष्कर्ष मेंदू काढतो, आणि वाकणे खरोखर धोक्याचे आहे का, हे पडताळण्याची संधीच येत नाही. १९८३ साली मांडल्या गेलेल्या या विचाराला योहान व्लाएन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २०००च्या सुमारास स्पष्ट रूप दिले: वेदनेचा अर्थ अनर्थ असा लावला, की भीती वाटते, भीतीमुळे हालचाल टळते, हालचाल टळली की शक्ती आणि उत्साह दोन्ही घटतात, लक्ष सतत कमरेकडे लागून राहते आणि वेदना वाढते.

या चक्राची खूण स्नायूंतही सापडते. निरोगी माणूस पुढे पूर्ण वाकला, की शेवटच्या टप्प्यात त्याच्या कमरेचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि शरीराचा भार अस्थिबंध व इतर ऊतींवर जातो. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रुग्णांत मात्र स्नायूंना विद्युतग्राहक लावून पाहिले असता ते त्या टप्प्यातही ताठ राहिलेले दिसतात. कमरेला जपण्यासाठी अष्टौप्रहर आवळून धरलेले स्नायू दमतात आणि दुखतात, आणि ते दुखणे कंबर नाजूक असल्याचा पुरावा म्हणून गणले जाते. अंथरुणातील विश्रांतीबद्दलचे पुरावेही स्पष्ट आहेत. अमेरिकेत १९८६ साली झालेल्या चाचणीत सात दिवसांऐवजी दोनच दिवस विश्रांती सांगितलेल्या रुग्णांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले, तर हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील १९९५च्या चाचणीत पडून राहणाऱ्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम दिलेल्यांपेक्षाही, झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे लवकर सावरले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणे हे सरसकट वापरू नये असे म्हटले, आणि रुग्णशिक्षण, व्यायाम व मानसोपचार यांची शिफारस केली. आपल्याकडे नेमके पट्टा आणि वजनच उपचाराचे दृश्य चिन्ह ठरले आहे.

भीती धीराच्या शब्दांनी जाते, ही समजूतही अपुरी आहे. ‘घाबरू नका’ असे सांगून मज्जासंस्थेचा अंदाज बदलत नाही. तो खोटा ठरल्याचा अनुभव तिला यावा लागतो. व्लाएन यांच्या पद्धतीत रुग्णाला रोजच्या कामांची छायाचित्रे दाखवून शून्य ते शंभर अशा भीतीच्या मोजपट्टीवर मांडायला सांगतात, आणि मग कमी भीतीच्या कामापासून वर चढत जात, प्रत्येक वेळी आधी ‘काय होईल असे वाटते’ हे नोंदवून ते काम करवून घेतात. पट्टा न बांधता बादली उचलली आणि भाकीत केलेला अनर्थ घडला नाही, की त्या न घडण्याची नोंद होते. थोडे दुखले तरी काम थांबत नाही, कारण दुखणे आणि इजा होणे यांतला फरक शिकणे हाच त्यामागचा हेतू असतो. याच दिशेची एक उपचारपद्धती अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १५१ रुग्णांवर तपासली गेली, आणि २०२२ साली छापलेल्या निष्कर्षानुसार चार आठवड्यांनंतर ती मिळालेल्या गटातील ६६ टक्के रुग्णांची वेदना गेली किंवा जवळजवळ गेली. सांत्वनापुरते इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण २०, तर नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के होते. आकडे डोळ्यांत भरणारे असले तरी रुग्णांची वेदना सौम्य ते मध्यम होती आणि चाचणी एकाच ठिकाणची होती, हेही त्याबरोबर वाचले पाहिजे.

भीती समाजाच्या पातळीवरही कमी करता येते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून कंबरदुखीसाठी पडून राहू नका, कामात राहा, असा प्रचार झाला, आणि राशेल बुकबाइंडर व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की लोकांच्या व डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कंबरदुखीबद्दलच्या नुकसानभरपाईच्या मागण्या सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये असा बदल दिसला नाही.

अर्थात प्रत्येक कंबरदुखी अतितत्पर मज्जासंस्थेच्या खात्यावर टाकणे हाही गैरसमजच, आणि तो जिवावर बेतू शकतो. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणे, पायातील शक्ती वेगाने कमी होणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. ताप, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपू न देणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात असेल तर तपासण्या व्हायलाच हव्यात, आणि भारतात मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता नजरेआड करता येत नाही. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांची नीट अंगतपासणी करून यांपैकी काहीही नाही, आणि तरीही दुखते ते का, हे सविस्तर समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग असतो; ‘काही झालेले नाही’ एवढे तुटक उत्तर घेऊन बाहेर पडलेला रुग्ण बहुधा दुसऱ्या दवाखान्याच्या रांगेत, नव्या एमआरआयची चिठ्ठी मागायला उभा राहतो.