नाकातल्या नळीची राखण

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ सुस्त पडतात, पण जठरात रस झरतच राहतो. तो साचला तर उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. म्हणून काही रुग्णांच्या नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. वॉर्डात तिला राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल या इंग्लिश डॉक्टरांनी १९२१ मध्ये ती वापरात आणली. पूर्वी पोट उघडलं की नळी ठरलेलीच. २००७ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सरसकट नळीने रुग्ण लवकर बरा होत नाही, असं आढळलं. आता ती गरजेपुरतीच घालावी, असं मानतात.

नळी घातल्यावरचं खरं काम सिस्टरांचं. नाकपुडीपाशी नळीवर पेनाची खूण असते. दर पाळीत ती पाहायची, चिकटपट्टी बदलताना खालची कातडी लाल झालीय का बघायचं, कोरडं तोंड ओल्या बोळ्याने पुसायचं, पिशवीत आलेला रस मोजून लिहायचा. जठराच्या ऑपरेशननंतर नळी निसटली तर ती परस्पर आत सारायची नाही. आतले टाके ताजे असतात.

हीच नळी अन्न देण्यासाठीही वापरतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सोनईसारख्या गावात तेव्हा खरी कसोटी घरी आल्यावर लागते. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन अहिल्यानगर किंवा लोणीला होतं आणि पुढचे काही आठवडे पेज, दूध, गाळलेलं वरण नळीतूनच द्यायचं असतं. ते घरची सून किंवा मुलगा देतो. प्रत्येक वेळी देण्याआधी नळी जठरातच आहे ना, हे पाहायचं असतं. त्यासाठी नळीतून हवा सोडून पोटात गुडगुड ऐकण्याची जुनी पद्धत फसवी आहे. नळी श्वासनलिकेत असली तरी आवाज येऊ शकतो. आधी खूण पाहावी, मग सिरिंजने थोडा रस ओढून पीएच-कागदावर टाकावा. ५.५ किंवा कमी आला तर नळी जठरात आहे असं समजतात. रस येत नसेल किंवा शंका असेल, तर एक्स-रे होईपर्यंत थेंबही देऊ नये.

रुग्णाला उशांना टेकवून बसवावं. सिरिंजचा दट्ट्या काढून अन्न आपोआप उतरू द्यावं, दट्ट्याने ढकलू नये. शेवटी उकळून गार केलेलं पाणी सोडावं आणि निदान अर्धा तास आडवं करू नये. खोकला आला किंवा धाप लागली तर तिथेच थांबावं.

डिस्चार्जच्या आधी एक वेळचं अन्न सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने देऊन दाखवा आणि चुकलेलं तिथेच विचारून घ्या.